रात्री तीन वाजता बाळाला कुठं ठेवशील?

'मावशी, नमस्कार. माझा आठवा महिना संपत आलाय. पहिलंच बाळंतपण, म्हणून माहेरी, शुक्रवार पेठेत आईकडं आले आहे. तारीख जुलैच्या शेवटच्या आठवड्यातली आहे. सासर कागलला, तीन महिन्यांनी बाळाला घेऊन तिकडं जायचं. प्रश्न तुम्हाला किरकोळ वाटेल, पण घरात त्यावरून रोज बोलणं होतंय. बाळाला निजवायचं कुठं? आई म्हणते, तुझ्या कुशीत, आणखी कुठं? सासूबाई म्हणतात, झोळीच बरी, त्यांची तिन्ही मुलं झोळीत वाढली; त्यांनी जुनं नऊवारी लुगडं धुऊन घडी करून ठेवलंय. ह्यांनी मोबाईलवर पंधरा हजारांचा पाळणा बघून ठेवलाय, त्याच्याबरोबर चारी बाजूंना लावायच्या मऊ गाद्या, उशी, रजई सगळं येतं. आईच्या घरी माझी खोली दहा बाय दहाची, तळमजल्यावरची. त्यात एक डबल बेड आणि कपाट. सिझर होऊ शकतं असं डॉक्टर म्हणाल्यात. कुणाचं ऐकू? आणि ज्यांचं ऐकणार नाही त्यांना सांगू कसं?'
– प्रा., शुक्रवार पेठ, कोल्हापूर

प्रिय प्रा.,

प्रश्न किरकोळ मुळीच नाही. नवं बाळ दिवसातले चौदा ते सतरा तास झोपतं. म्हणजे पहिले काही महिने त्याचं निम्म्याहून जास्त आयुष्य या एका जागेवर जाणार. बाळाच्या कपड्यांवर, बारशावर आपण जेवढा विचार करतो, त्याच्या दुप्पट या जागेवर करायला हवा.

आधी माझं उत्तर सांगते, कारणं मागाहून. बाळाची जागा तुझ्याच खोलीत असावी, तुझ्या पलंगाला लागून, झोपल्या झोपल्या हात लांबवला की बाळाला लागेल इतकी जवळ. पण असावी स्वतंत्र. गादी सपाट आणि घट्ट. आणि जागा रिकामी. रिकामी म्हणजे बाळ, त्याच्या अंगावरचे कपडे आणि खाली ताणून बसवलेली चादर, एवढंच. उशी नाही, लोड नाही, वाकळ नाही, टेडी नाही. आणि बाळ प्रत्येक वेळी पाठीवर, उताणं निजवायचं, रात्री आणि दुपारीसुद्धा.

आता तू ज्या तीन जागा लिहिल्या आहेस, त्या पारखताना एक प्रश्न स्वतःला विचारून बघ: रात्रीचे तीन वाजलेत, टाके ओढताहेत, दोन तासांपूर्वीच पाजलंय आणि बाळ पुन्हा उठलंय, पाजून झाल्यावर मी त्याला नेमकं कुठं ठेवणार आहे? दिवसा सगळे नियम पाळता येतात. दिवसा आई असते, सासूबाई येतात, न्हाऊ घालणाऱ्या मावशी असतात. अवघड वेळ ही रात्रीची असते. जी जागा त्या वेळी दोन पावलंही लांब असेल, जिच्यात बाळाला ठेवायला वाकावं लागेल, उठून उभं राहावं लागेल, ती जागा कितीही चांगली असली तरी चौथ्या-पाचव्या रात्रीपासून तू ती वापरणार नाहीस. बाळ उरावर घेऊन तशीच भिंतीला टेकून डुलक्या घेशील. मी बाळंतिणींच्या वॉर्डात परिचारिका म्हणून नोकरी केली. दमलेल्या आईचे डोळे कसे मिटतात हे मला नीट माहीत आहे, आणि त्यात तिचा काडीचाही दोष नसतो. म्हणून जागा अशी निवडायची की दमलेल्या आईलाही ती सहज वापरता यावी.

तुझ्या आईच्या म्हणण्यापासून सुरुवात करते. आईजवळ बाळ असावं, हे तिचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. बालरोगतज्ज्ञही तेच सांगतात: पहिले निदान सहा महिने बाळ आईवडिलांच्याच खोलीत निजावं. जवळ असलं की पाजणं सोपं जातं, आईचं दूध टिकतं, आणि आईचं दूध हेच बाळाला झोपेतल्या अचानक मृत्यूपासून थोडं जपतं. फरक आहे तो एका अंथरुणात की एका खोलीत, एवढाच. आईचं मोठं अंथरूण मोठ्या माणसांसाठी असतं: मऊ गादी, दोन-दोन उशा, पावसाळ्यात वाकळ, शिवाय भिंत आणि गादी यांच्यामधली फट. तोंड दबलं तर बाळाला मान उचलून सुटता येत नाही, नाकावर आलेलं पांघरूण हातानं बाजूला करता येत नाही. मोठं माणूस गाढ झोपेत त्याच्या अंगावर वळलं तर बाळाला ओरडताही येत नाही.

ज्या घरात कुणी विडी-सिगारेट ओढतं, दारू पितं किंवा झोपेची गोळी घेतं, तिथं एका अंथरुणातला धोका फार वाढतो. बाळ दिवसांआधी जन्मलं किंवा जन्मताना अडीच किलोपेक्षा कमी भरलं तरीही तसंच. आणि सिझरनंतर पहिले काही दिवस वेदनाशामक औषधांनी तुझ्याच डोळ्यांवर गुंगी असेल.

हे सगळं सांगूनही मला माहीत आहे की कुशीवर झोपून पाजताना एखाद्या रात्री तुझा डोळा लागेलच. म्हणून तुझं अंथरूणही आधीपासून तयार ठेव. पाजायच्या बाजूला उशी नको, वाकळ तुझ्या कमरेच्या वर नको, केस बांधलेले असू देत, गळ्यातलं मंगळसूत्र आणि लांब साखळी रात्री काढून ठेव. जाग आली की, पाच मिनिटांनी येवो की तासानं, बाळ उचलून त्याच्या जागेवर ठेव. मात्र सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बाळ घेऊन झोप लागेल अशी वेळ कधीच येऊ देऊ नकोस. तिथं बाळ अंग आणि गादीच्या बेचक्यात घसरतं. बाळासाठी झोपेची सगळ्यांत वाईट जागा तीच. झोप अनावर होत असेल तर सोफ्यावर बसून पाजण्यापेक्षा पलंगावर येऊन पाज.

आता झोळी. सासूबाईंचं लुगडं धुऊन ठेवणं मला फार आवडलं. झोळीत बाळ पटकन झोपतं हेही खरं. सगळीकडून अंग आवळलेलं, हलती, पोटातल्यासारखी जागा मिळते. पण ज्यामुळं ते झोपतं त्याच गोष्टी नवजात बाळाला अवघड असतात. झोळीत पाठीची कमान होते आणि हनुवटी छातीला टेकते. नव्या बाळाचं डोकं अंगाच्या मानानं जड आणि मान लुळी; हनुवटी छातीवर दबली की श्वासाची नळी मुडपते. त्यात ते रडत नाही, धडपडत नाही, शांत दिसतं. बाहेरून कापड बंद असल्यानं कुणाला कळतही नाही. कुशीवर कललं तर नाक-तोंड लुगड्यात जातं. हूक, दोरी, गाठ यांचा भरवसा आणखी वेगळा, आणि घरात मोठं भावंड किंवा शेजारचं पोर असलं की ते हौसेनं झोका मोठा देतं.

त्यामुळं रात्री झोळी नको, आणि दिवसाही कुणी जवळ नसताना नको. उतरती सीट, झुलणारी खुर्ची, गाडीतली बाळाची सीट यांनाही हेच लागू. प्रवासात सीट हवीच, पण घरी पोचल्यावर बाळ त्यातच झोपू द्यायचं नाही. ज्या पाटावर बाळ कलतं निजतं ती झोपायची जागा धरायचीच नाही. अमेरिकेत असल्या दहा अंशांपेक्षा जास्त कललेल्या बाळ-गाद्यांवर आणि पाळण्याला लावायच्या मऊ कडांवर २०२२ मध्ये कायद्यानं बंदी आणावी लागली, कारण त्यात बाळं दगावली होती.

तिथून थेट तुझ्या नवऱ्याच्या पाळण्याकडं येते, कारण त्याबरोबर मिळणाऱ्या त्या 'चारी बाजूंच्या मऊ गाद्या' म्हणजे त्याच कडा. दिसायला फार सुरेख असतात. बाळाचं डोकं दांड्यांवर आपटेल या भीतीनं लावतात. पण एवढंसं बाळ जोरात आपटूच शकत नाही, आणि मऊ कडेत तोंड खुपसून मात्र बसू शकतं. उशी, रजई, कडेचे लोड, कापडी घरटं, सगळं बाहेर काढलं तर पंधरा हजारांतले बरेचसे पैसे बाहेरच जातात. उरतो तो लाकडी सांगाडा आणि गादी. ती दोन चांगली असतील तर पाळणा वाईट नाही. फक्त तो तुझ्या खोलीत मावत नाही, आणि तीन महिन्यांनी कागलला हलवावा लागेल. ह्यांना सांग की एवढी खरेदी आत्ता करायची गरज नाही.

मग घ्यायचं काय? माझ्या मते पलंगाला लागून बसणारा एक छोटा, हलका, सपाट तळाचा बाळपलंग. आत मोजला तर साधारण तीन फूट लांब, पावणेदोन फूट रुंद. दहा बाय दहाच्या खोलीत कपाट थोडं सरकवलं की बसतो. विकत मिळतो, किंवा ओळखीचा सुतार करून देईल. सुताराला चार गोष्टी स्पष्ट सांग. तळ घट्ट फळीचा, मधे खाली न दबणारा. चारी बाजू गादीच्या वर निदान वीतभर उंच. दांड्या ठेवायच्या तर दोन दांड्यांमधली फट सहा सेंटिमीटरपेक्षा कमी. थंड पेयाचा पत्र्याचा डबा त्यातून आरपार जात असेल तर फट जास्त आहे असं समज. आणि उंची अशी की तू पलंगावर बसून, न वाकता, बाळ उचलू शकशील. सिझर झालं तर ही शेवटची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. पोटावर टाके असताना जमिनीवरच्या अंथरुणातून बाळ घेऊन उठणं फार अवघड जातं. नॉर्मल बाळंतपण झालं तर जमिनीवर घट्ट गादी टाकून झोपायचा मार्ग उरतो, पण तळमजला, पावसाळा, ओल आणि मुंग्या बघता शुक्रवार पेठेत मी तो सुचवणार नाही.

आणखी एक: पलंगाला लागून ठेवलेला बाळपलंग पलंगाला घट्ट बांधलेला असावा. मधे फट राहिली की त्यात बाळ अडकतं. बांधता येत नसेल तर चारी बाजू उंच असलेला, हातभर अंतरावर ठेवलेला चालेल.

नात्यात कुणाकडं जुना लाकडी पाळणा असेल तर तोही बघ, पण ज्याची एक बाजू खाली सरकते तसला नको. ती बाजू सुटून बाळ अडकतं. अमेरिकेत असले पाळणे विकायला २०११ पासून मनाई आहे. रंग उडालेला असेल तर तोही नको.

गादीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण इथंच सगळे चुकतात. नव्या बाळासाठी म्हणून आपण मऊ गादी शोधतो. पिंजून आणलेल्या ताज्या कापसाची गादी हाताला इतकी छान लागते की बाळाला तीच द्यावीशी वाटते. पण बाळाचं तोंड अशा गादीत रुतलं तर त्याचाच सोडलेला श्वास ते परत परत घेतं, प्राणवायू कमी पडतो, आणि एवढ्या लहान जिवाला जाग येऊन मान वळवण्याची ताकद नसते. गादी काथ्याची घे, दोन-तीन इंच जाडीची, पलंगाच्या आतल्या मापाची. तळहात दाबून उचल. खळगा उरला तर ती गादी नको. कडेला दोन बोटं आरामात जात असतील तर माप चुकलंय. वर एक सुती चादर, चारी कोपऱ्यांत घट्ट खोचलेली. रात्री गादी ओली होईल, म्हणून खाली एक पातळ प्लॅस्टिकचं कापड घट्ट बसवायचं, सैल सुरकुतलेलं ठेवायचं नाही. आईच्या बाजल्यावर बाळ झोपवायचा विचार असेल तर तोही सोड. बाजल्याची वीण मधे खाली जाते, ते झोळीचंच रूप झालं.

एवढी साधी जागा पुरते का, अशी शंका घरात निघेल. फिनलंडमध्ये १९३८ पासून सरकार आयांना बाळाच्या कपड्यांची पेटी देतं; तळाशी पातळ गादी असलेली ती पुठ्ठ्याची पेटीच कित्येक बाळांची पहिली निजायची जागा झाली. महाग पाळण्यानं बाळ सुरक्षित होत नाही. सपाट, घट्ट आणि रिकाम्या जागेनं होतं.

पाठीवर निजवण्याबद्दल तुझ्या घरी नक्की वाद होईल, म्हणून तेही लिहिते. 'उताणं झोपवलं आणि दूध वर आलं तर ठसका लागेल', हे मी इतक्या आज्यांकडून ऐकलंय! बाळ पाठीवर असतं तेव्हा श्वासाची नळी वर आणि अन्ननलिका खाली असते. वर आलेलं दूध खालच्या नळीतच परत जातं. पालथं असताना उलट होतं, दूध श्वासनळीच्या तोंडाशी जमतं. एके काळी पाश्चात्त्य देशांतले डॉक्टरच बाळाला पालथं झोपवायला सांगत. मग ब्रिटनमध्ये १९९१ पासून आणि अमेरिकेत १९९४ पासून 'पाठीवर निजवा' अशी मोहीम सुरू झाली, आणि झोपेतल्या अचानक मृत्यूंचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. कुठलं औषध नाही, कुठलं यंत्र नाही, फक्त पालथं निजवायचं ते बाळ उताणं ठेवलं. हे मृत्यू बहुतेक पहिल्या सहा महिन्यांत होतात, त्यातही पहिल्या महिन्यानंतर चौथ्या महिन्यापर्यंतचा काळ नाजूक. तुझी माहेरची मुदत बरीचशी त्यात येते.

कुशीवरही नको, कुशीवरून ते सहज पालथं होतं. पाजल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढ आणि मग उताणं ठेव.

डोकं चपटं होईल म्हणून मोहरीची उशी देतात. आईनं शिवूनही ठेवली असेल. ती झोपेत नको. डोक्याचा आकार दुसऱ्या रीतीनं सांभाळता येतो: एक दिवस बाळाचं डोकं उशाशी, दुसऱ्या दिवशी पायथ्याशी ठेव, म्हणजे ते उजेडाकडं, आवाजाकडं दोन्ही बाजूंना मान वळवतं. आणि जागं असताना, तुझ्या किंवा आजीच्या डोळ्यांसमोर, दिवसातून दोन-तीन वेळा तीन ते पाच मिनिटं पोटावर ठेव. आजीच्या छातीवरही चालेल. मालिशीनंतरची वेळ त्याला छान. मान त्यानं घट्ट होते आणि डोक्याचा मागचा भागही मोकळा राहतो. थोडं चपटं झालंच तर बाळ बसायला लागल्यावर बहुतेक भरून येतं.

आता पावसाळ्याचं. बाळ जुलैअखेरचं, म्हणजे कोल्हापूरचा भर पाऊस. लंगोट वाळत नाहीत, भिंती ओल्या, आणि घरातली सगळी मोठी माणसं म्हणणार, बाळाला गारठा लागेल. मग टोपडं, कुंची, दोन दुपटी, वर वाकळ. बाळ गरम झालं तरी धोका वाढतो, हे फार कमी लोकांना माहीत आहे. तू स्वतः जेवढे कपडे घालून बरी असशील त्याहून बाळाला एक जास्त, एवढं पुरे. घरात झोपताना डोक्यावर टोपडं नको. बाळ अंगातली उष्णता डोक्यावाटे बाहेर टाकतं. हातपाय गार लागले म्हणून घाबरू नकोस, नव्या बाळाचे ते गारच असतात. मानेच्या मागं किंवा छातीला हात लावून बघ; तिथं घाम असेल तर एक कपडा काढ. दुपट्यात गुंडाळायचं असेल तर पातळ सुती, छातीपाशी तुझी दोन बोटं जातील इतकं सैल, आणि पाय बेडकासारखे दुमडता येतील इतकं मोकळं. पाय सरळ ओढून करकचून बांधले तर खुब्याचा सांधा निसटायचा धोका असतो. बाळ वळायची खटपट करायला लागलं की गुंडाळणं बंद.

वाकळ, दुपटी वाळली नसतील तर इस्त्री फिरवून वाळव. ओलसर कापड बाळाखाली नको. मच्छरदाणी हवीच, शुक्रवार पेठेत डास कमी नाहीत. पण ती पलंगाच्या बाहेरून ताणून बांधलेली असावी, बाळाच्या तोंडावर लोंबणारी नको. छत्रीसारखी मिटणारी मच्छरदाणी घेतलीस तर तिच्याबरोबर येणारी मऊ गादी आणि उशी बाजूला काढ. डासांची कॉईल बाळाच्या खोलीत लावू नकोस. मुंग्यांसाठी पलंगाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायची आपली जुनी पद्धत उत्तम, फक्त पाणी रोज बदल, नाहीतर त्यातच डास होतील. मुंग्यांचा खडू बाळाच्या पलंगाला ओढायचा नाही.

शेकाबद्दल मात्र कठोरपणे सांगते. ओव्याची, बाळंतशेपाची धुरी आणि कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवायची नाही. कोळशाचा जो विषारी वायू निघतो त्याला वास नसतो, आणि दारं-खिडक्या लावून झोपलेली माणसं त्यात दगावतात. तुला शेक घ्यायचाच असेल तर दार उघडं ठेवून, बाळ दुसऱ्या खोलीत आईकडं देऊन घे. बाळाला धुरी नको. त्याच्या फुप्फुसांना धूर कुठलाही असो, धूरच.

गळ्यातला काळा दोरा, मण्यांची माळ, सोन्याची साखळी झोपताना काढून ठेवायची. गळ्याभोवती काही नको. दृष्टीसाठी उशाखाली अडकित्ता किंवा सुरी ठेवतात, ती कपाटाच्या वरच्या फळीवर ठेव. आईच्या मनाला बरं वाटेल आणि बाळाच्या गादीत लोखंड राहणार नाही.

शुक्रवार पेठेचं एक वेगळं आहे, ते तुला माझ्याहून जास्त माहीत असेल. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेचं पाणी तिथल्या घरांत शिरलं होतं. तुझं घर तळमजल्यावर आणि तारीख ऐन पुराच्या दिवसांतली. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट धोक्याची. ३९ च्या जवळ पाणी आलं की वाट न बघता कागलला किंवा उंचावरच्या नातेवाइकांकडं जायचं ठरवून ठेवा. म्हणूनच मी हलका, घडीचा किंवा दोघांना सहज उचलता येईल असा बाळपलंग म्हणते. तोही नेता आला नाही तर निदान ती काथ्याची गादी आणि चादर गाडीत टाका. पुराच्या धांदलीत बाळं कुठल्याही अंथरुणावर, चार माणसांच्या मधे झोपवली जातात. पाव्हण्यांच्या घरी फरशीवर, भिंतीपासून लांब, तुझ्या अंथरुणाच्या शेजारी ती गादी टाकली तरी बाळाची जागा तयार झाली. पाणी तुमच्याकडं आलं नाही तरी लाईट जातेच, तेव्हा उशाशी बॅटरी ठेव. बाळाजवळ मेणबत्ती किंवा समई नको.

आता तुझा शेवटचा प्रश्न, सांगायचं कसं. सासूबाईंना 'झोळी धोक्याची' असं तोंडावर सांगशील तर त्यांना वाटेल, आपण तीन लेकरं धोक्यात वाढवली. त्यांनी त्या वेळी जे होतं त्यात जिवापाड सांभाळलं, हे आधी मनापासून म्हण. मग लुगड्याला काम दे. त्या लुगड्याची मऊसूत दुपटी शिवायला त्यांनाच सांग. जुन्या सुती लुगड्याइतकं बाळाच्या अंगाला सुखाचं दुसरं कापड नाही. बारशाला पाळणा त्यांच्याच हातानं सजू दे, नाव त्यात घालून ठेवा, बाळ जागं असताना सगळ्यांच्या देखत चार झोके देऊ देत. झोप लागली की मात्र तिथून उचलून बाळपलंगावर. बाळाला जोजवायचंच असेल तर मांडीवर, पायांवर, खांद्यावर. आणि दवाखान्यातून सुट्टी मिळताना डॉक्टरांशी बोलायला आई आणि सासूबाई दोघींना बरोबर ने. 'बाळाला कसं झोपवायचं ते यांच्यासमोर सांगा,' असं तूच विचार. सुनेनं सांगितलेलं आणि डॉक्टरांनी सांगितलेलं यांत आपल्या घरांत फरक पडतो, तो वापरून घे.

नवऱ्याला काम देणं त्याहून सोपं. गादी तपासायला, सुताराकडं माप घेऊन जायला, कागलची खोली बघून ठेवायला त्याला सांग. रविवारी भेटायला येईल तेव्हा रात्रीची एक पाळी त्याची: तू पाजायचंस, ढेकर काढून जागेवर ठेवायचं काम त्याचं. दवाखान्यात जायच्या आधी एकदा संध्याकाळी बाळपलंग लावून, तू तुझ्या पलंगावर आडवी होऊन, एखादी दुमडलेली चादर बाळ समजून उचलून-ठेवून बघ. हात पोचत नसेल, कमरेत वाकावं लागत असेल, तर त्याच दिवशी बाळपलंगाखाली विटा घालून उंची बदला. विटा हलणार नाहीत हे मात्र ढकलून, हलवून पक्कं करा.

बाळ दिवसांआधी आलं किंवा अडीच किलोच्या आत भरलं तर वॉर्डातल्या परिचारिका तुला बाळ छातीशी, कातडीला कातडी लावून धरायला शिकवतील. ते फार गुणकारी असतं, जरूर कर. पण ते किती वेळ, कसं बसून करायचं आणि झोप आल्यावर बाळ कुणाकडं द्यायचं, हे सगळं त्यांच्या सांगण्याप्रमाणंच. अशा बाळासाठी वरचं सगळं आणखी काटेकोर पाळायचं.

हा छोटा पलंग बाळ वळायला किंवा हातांवर उठायला लागेपर्यंतच, म्हणजे साधारण चार-पाच महिने. तोवर तुम्ही कागलला गेलेले असाल. तिथली खोली केवढी, पलंग कुठल्या भिंतीला, घरात आणखी लहान मुलं आहेत का, हे लिहून पाठव. मोठा पाळणा घ्यायचा की जमिनीवर गादी, ते त्यावरून ठरवू.

तुझी,
मावशी